वचनावर वाद घालताना मला नक्की काय हवं असतं?

कोरापाना

गेली अठरा वर्षं मी पवित्र शास्त्रावर, म्हणजे बायबलवर, वाद घालतोय. त्रैक्य (एकाच देवात पिता, पुत्र, आत्मा), तारण, बाप्तिस्मा लहानपणी द्यावा की कळत्या वयात, प्रभुभोजनातली भाकर म्हणजे खरंच शरीर की नुसती खूण... यातला एकही विषय नसेल, ज्यावर मी रात्र रात्र कुणाशी तरी भांडलो नाही. ग्रीक शिकलो तेही आधी वादासाठीच. नंतर त्या भाषेची गोडी लागली, पण सुरुवात तशीच होती.

महिन्यापूर्वीची गोष्ट. आमच्या अभ्यासगटात प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय चालला होता. एका बाईंनी अठ्ठाविसावं वचन वाचलं, देवावर प्रीती करणाऱ्यांच्या बाबतीत सगळ्या गोष्टी मिळून भल्यासाठी होतात ते. वाचून म्हणाल्या, "म्हणजे आईच्या आजारपणातही काहीतरी भलं असेलच ना?"

मी लगेच सुरू झालो. मूळ वाक्यात कर्ता कोण ते आधी ठरवायला हवं. 'सगळ्या गोष्टी' आपोआप भल्याकडे जातात, की 'देव' त्या गोष्टींतून भलं घडवतो? व्हॅटिकानस आणि अलेक्झांड्रिनस या जुन्या हस्तलिखितांत 'देव' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे, इतर बऱ्याच हस्तलिखितांत नाही. पाच-सात मिनिटं बोललो असेन. तेवढा वेळ त्यांचं बोट त्या ओळीखाली तसंच होतं. माझं संपल्यावर त्या "बरं" म्हणाल्या आणि बोट उचललं.

त्यांच्या आईला माती देऊन तेव्हा अकरा दिवस झाले होते. मी स्वतः तिथे हजर होतो.

मी बोललो त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता, आणि मला तेच जास्त टोचतंय. चुकलो असतो तर दुरुस्त केलं असतं. पण मी त्या क्षणी का बोललो, याचं उत्तर मला सापडत नाही. तर विचारायचं आहे ते असं: तोंड उघडण्याआधी आपला हेतू ओळखायचा कसा? आणि हेतू निर्मळ नाही असं दिसलं, तर गप्पच बसायचं का?

---

अबोली

वाचलं आणि थोडा वेळ काही सुचलंच नाही. ते बोट डोळ्यांसमोरून जात नाहीये. सविस्तर नंतर लिहिते.

---

तर्कसंगत

धागाकर्त्यांची कळकळ पोचली, पण मी असहमत आहे. त्या दिवशी वेळ चुकली, हे मान्य. त्यावरून प्रत्येक वादाआधी स्वतःच्या मनाची झडती घ्यावी, हे पटत नाही.

पौलाने हा प्रश्न फिलिप्पैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातच निकालात काढलाय (वचनं १५ ते १८). तो तुरुंगात आहे. बाहेर काही जण हेव्याने, त्याला आणखी त्रास व्हावा म्हणून ख्रिस्ताची घोषणा करताहेत. यावर तो काय म्हणतो? निमित्ताने असो की खरेपणाने असो, घोषणा होते आहे आणि त्यात मला आनंद आहे. म्हणणाऱ्याचा हेतू खोटा असला म्हणून म्हणणं खोटं ठरत नाही.

दुसरं असं की हेतूची भाषा एकदा सुरू झाली की ती समोरच्यावर उलटवली जाते. "तू अहंकाराने बोलतोयस" म्हटलं की मुद्द्याला उत्तर द्यायची गरजच उरत नाही. मला कित्येकदा असंच गप्प केलं गेलंय. मुद्दा खरा की खोटा एवढंच तपासा.

आणि कर्त्याचा तो फरक किरकोळ नाही. 'सगळं आपोआप भल्यासाठीच होतं' असं दुःखात असलेल्या माणसाला सांगणं क्रूर आहे. तुमच्या त्या वेळच्या बोलण्यात खरं सांत्वन दडलेलं होतं, ते फक्त बाहेर आलं नाही.

---

शब्दवेडी

तर्कसंगत, तुमचा शेवटचा परिच्छेद फार आवडला. पण पौल तिथे दुसऱ्यांच्या हेतूंकडे दुर्लक्ष करतोय. स्वतःच्या हेतूबद्दल तो इतका सैल कधीच नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय उघडा: सगळी रहस्यं आणि सगळं ज्ञान असलं, पण प्रीती नसली तर मी काहीच नाही. तिथे तो 'मी' म्हणतो.

मला या धाग्यावरून एक जुनं कोडं आठवलं. 'सर्वांत मोठी आज्ञा कोणती?' हा प्रश्न येशूला विचारला जातो. मत्तयाच्या शुभवर्तमानात (अध्याय २२) विचारणारा परूश्यांपैकी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातला, आहे आणि त्याची परीक्षा पाहायला विचारतो. मार्क १२ मध्ये तोच प्रश्न एक शास्त्री विचारतो, पण तो आधी सगळं ऐकत उभा होता आणि येशूने छान उत्तर दिलं म्हणून पुढे आलाय. उत्तर मिळाल्यावर तो ते स्वतःच्या शब्दांत परत म्हणतो, त्यात होमबलींपेक्षा प्रीती मोठी ही स्वतःची भर घालतो, आणि येशू त्याला सांगतो की तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस.

प्रश्न तोच, पण मार्कातल्या माणसाने आधी ऐकलं आणि नंतरही ऐकलं. मी तरी 'हेतू ओळखायचा कसा' याचं उत्तर तिथे शोधेन. मनात खोल उतरून तळ लागेलच असं नाही, पण समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत मला परत मांडता येतं का, एवढं तर बघता येतं.

आणि लूक १० मधला नियमशास्त्राचा पंडित. तो तर आधी परीक्षा पाहायला उठतो, आणि मग स्वतःला नीतिमान ठरवायला विचारतो, "माझा शेजारी कोण?" हेतू दोन्ही वेळा वाकडाच. त्या वाकड्या प्रश्नातून आपल्याला वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट मिळाली. येशूने त्याला "तुझा हेतू बरा नाही" म्हणून परत पाठवलं नाही, म्हणून मिळाली.

---

उंबरठा

मी विश्वास सोडलेला माणूस आहे, तरी या धाग्यावर मला बोलायचं आहे.

सोडल्यानंतर मी जास्त वाचलं. मत्तय आणि लूक यांनी दिलेल्या येशूच्या वंशावळ्या जुळत नाहीत. येशूला धरून देणाऱ्या यहूदाने मत्तयात गळफास घेतलाय आणि प्रेषितांच्या कृत्यांत तो पडून त्याचं पोट फुटलंय. मार्काची शेवटची बारा वचनं सिनाइटिकस आणि व्हॅटिकानस या जुन्या हस्तलिखितांत नाहीत. अशी वहीभर टिपणं होती माझ्याकडे. मला वाटायचं, मी सत्यासाठी वाद घालतोय.

सात वर्षांनी एक गोष्ट लक्षात आली. ती वही मी एकाच माणसासमोर उघडायचो, माझ्या मोठ्या भावासमोर. इतर कुणाशी मला या विषयावर बोलावंसंच वाटत नसे. दादा वचनसेवा करतो, म्हणजे चर्चमध्ये उपदेश. तो प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यायचा, पुढच्या खेपेला आणखी दोन पुस्तकं घेऊन यायचा. आणि मी घरी येऊन नवं पान लिहायचो.

मला हवं होतं ते एवढंच, की त्याने एकदा विचारावं, "तू का गेलास रे?" त्याने ते कधी विचारलं नाही. मीही कधी आपणहून सांगितलं नाही. वंशावळ्यांवर मात्र आम्ही दोघं आजही तासभर बोलू शकतो.

तर्कसंगत, वहीतले मुद्दे खरे आहेत आणि मी आजही ते मानतो. पण ते माझ्या प्रश्नाच्या जागी उभे होते.

---

दक्षिणवारा

उंबरठा, मी तुमच्या दादाच्या जागेवर होतो. माझी धाकटी बहीण असेच मुद्दे आणायची आणि मी उत्तरं द्यायचो. वडील पाळक, त्यामुळे कपाटात भाष्यग्रंथांची कमी नव्हती.

इथे सगळे अहंकाराबद्दल बोलताहेत, म्हणून माझं सांगतो. माझ्यात अहंकार होता की नाही ते देव जाणे, पण भीती नक्की होती. तिने मार्काच्या शेवटाचं पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा माझे हात गार पडले होते. ते तिला दिसू नये म्हणून मी इतका भराभर बोललो, की काय बोललो ते मला तेव्हाच कळत नव्हतं. तिला पटवायचं नव्हतंच. एक दगड निघाला तर सगळी भिंत पडेल असं वाटत होतं, म्हणून प्रत्येक दगडाला हात लावून उभा होतो.

पुढे एका शिक्षकांनी मला त्याच मार्कासमोर बसवलं. म्हणाले, सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनापर्यंतच वाच आणि थांब. स्त्रिया कबरीपासून पळतात, कुणाला काही सांगत नाहीत, कारण त्यांना भीती वाटत होती. तिथेच पुस्तक संपतंय असं समजून वाच. मी वाचलं. मला ते पूर्वीपेक्षा जास्त खरं वाटलं. भिंत पडली नाही.

बहिणीला हे सांगायला मला चार वर्षं लागली. तुमच्या दादालाही कदाचित विचारायची भीतीच वाटत असेल. त्याला तुमचं उत्तर काय येईल ते माहीत असेल.

---

उंबरठा

हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. धन्यवाद.

---

जुनाजाणता

इतिहासातलं थोडं आठवतं ते मांडतो, विषयाला धरूनच आहे.

गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल अंत्युखियात पेत्राला तोंडावर विरोध करतो. शास्त्राचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या जेरोमचं म्हणणं होतं की तो लटका वाद होता, लोकांना शिकवण्यासाठी दोघांनी ठरवून केलेला. उत्तर आफ्रिकेतला धर्मशिक्षक ऑगस्टीन तेव्हा वयाने लहान. त्याने जेरोमला पत्र लिहिलं: शास्त्रात असा सोयीचा खोटेपणा मानला तर कुठल्याच वचनाचा भरवसा उरणार नाही. मुद्दा वजनदार होता. पण पत्र जेरोमला मिळण्याआधीच त्याच्या नकला इटलीत फिरल्या. जेरोम संतापला. त्याच्या कानावर असंही घातलं गेलं की हा तरुण एका मोठ्या नावावर वार करून कीर्ती मिळवू पाहतोय.

ऑगस्टीनने काय केलं? पत्र फिरलं त्याबद्दल क्षमा मागितली आणि मुद्दा सोडला नाही. दोन्ही एकाच वेळी. पुढे पेलागियस या धर्मशिक्षकाविरुद्धच्या वादात हे दोघं एकाच बाजूला उभे होते. मुद्दा खरा असूनही वाट चुकली तर त्या चुकीची क्षमा वेगळी मागावी लागते, हे मी त्याच्याकडून शिकलो.

याच ऑगस्टीनने शास्त्र कसं वाचावं हे सांगताना एक कसोटी दिली आहे. ज्याला शास्त्र समजलं असं वाटतं, पण ज्याच्या समजण्यातून देवावरची आणि शेजाऱ्यावरची ही दुहेरी प्रीती वाढत नाही, त्याला ते अजून समजलेलं नाही.

याच्या उलट मारबुर्ग, १५२९. धर्मसुधारणेचे दोन पुढारी, लूथर आणि झ्विंग्ली, समोरासमोर. १५ कलमांपैकी १४ वर एकमत झालं. उरलं ते प्रभुभोजन, आणि त्यातही एकच मुद्दा: ख्रिस्ताचं शरीर भाकरीत प्रत्यक्ष आहे का. लूथरने चर्चेआधीच टेबलावर खडूने 'हे माझे शरीर आहे' ही लॅटिन अक्षरं लिहून ठेवली होती. आता, त्याला ते मनापासून पटलेलं होतं, त्याच्या प्रामाणिकपणावर मी शंका घेणार नाही. पण बोलणं सुरू होण्याआधी खडू हातात घेतला की पुढच्या माणसाला बोलायला काय उरतं, हा विचार मला प्रत्येक चर्चेआधी पडतो.

---

पायवाट

अवांतर होईल, पण वचन क्रमांकांबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण "३:२८ घे", "मग तू २:२४ घे" असं करतो ना, रोमकरांस विरुद्ध याकोब, विश्वास विरुद्ध कर्मं, तर नव्या करारातले हे आजचे क्रमांक रोबेर एस्तिएन या छापणाऱ्याने १५५१ मध्ये घातले. त्याआधी जवळजवळ दीड हजार वर्षं पौलाचं पत्र हे पत्रासारखंच वाचलं जात होतं.

मी एकदा क्रमांक आणि मथळे काढून टाकलेली प्रत मिळवली आणि याकोबाचं पत्र एका बैठकीत वाचलं. पंचवीसेक मिनिटं लागली. दुसऱ्या अध्यायातल्या त्या प्रसिद्ध ओळीआधी उघड्यावाघड्या, उपाशी भावाबहिणीचा प्रसंग येतो: त्यांना नुसतं "ऊब घ्या, तृप्त व्हा" म्हणून पाठवून दिलं तर काय उपयोग? मी ती प्रसिद्ध ओळ वादात शंभरदा वापरली असेन. तो उपाशी माणूस मला तोवर दिसला नव्हता.

---

तर्कसंगत

जुनाजाणता, मारबुर्गच्या उदाहरणाला माझी हरकत आहे. खडू घेणारा माणूस निदान स्पष्ट असतो. गुळमुळीत एकमतापेक्षा स्पष्ट मतभेद मला चालतो. निकेयाच्या धर्मसभेत (३२५) पुत्र पित्याशी 'एकतत्त्व' आहे या शब्दावर लोक अडून बसले नसते तर आज ख्रिस्ताबद्दल आपण काय मानत असतो?

---

जुनाजाणता

तर्कसंगत, निकेया काढलंत ते बरं झालं. ज्याने त्या शब्दासाठी पाच वेळा हद्दपारी भोगली, त्या अलेक्झांड्रियाच्या बिशप अथनासियसचंच पुढचं ऐका. ३६२ साली अलेक्झांड्रियात सभा भरली. काही जण म्हणत, देवात 'तीन हायपोस्टॅसिस' आहेत. काही म्हणत, एकच. दोन्ही बाजू एकमेकींना पाखंडी समजत होत्या. सभेने दोघांना विचारलं: तुम्ही हा शब्द कोणत्या अर्थाने वापरता? पहिले म्हणाले, आम्हाला तीन देव म्हणायचे नाहीत, पिता, पुत्र, आत्मा खरोखर वेगळे आहेत एवढंच म्हणायचंय. दुसरे म्हणाले, आम्ही तो शब्द 'तत्त्व' या अर्थाने वापरतो, तिघांतला भेद पुसत नाही. मग दोघांनी एकमेकांचं म्हणणं मान्य केलं.

अडून बसायचं बळ आणि "तुम्हाला काय म्हणायचंय?" विचारायचा धीर, दोन्ही त्याच एका माणसात होतं. तेही आयुष्यभर मार खाल्ल्यावर.

---

तर्कसंगत

हे मला माहीत नव्हतं. मान्य. माझा आग्रह मुद्द्यासाठी आहे असं मी म्हणतो, तर समोरच्याचा मुद्दा नेमका काय आहे हे विचारणं माझंच काम आहे. तेवढं मी बऱ्याचदा करत नाही. उत्तर आधीच तयार असतं.

पण दुसऱ्याच्या हेतूवर बोट ठेवू नये, या माझ्या पहिल्या म्हणण्यावर मी ठाम आहे.

---

अबोली

आता सविस्तर लिहिते. तर्कसंगत, तुमच्या त्या म्हणण्याला माझा पाठिंबा आहे, आणि त्यासाठी पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या जवळचं आहे.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्रैक्याची शिकवण शास्त्रात कुठे आहे ते दाखवा. चर्चच्या अधिकाऱ्यांचा शब्द मी का मानावा, वचन मला स्वतःला वाचता येतं. ज्यांना त्या आईसारखं मानत त्या वाँटेजच्या जोगीण सिस्टर जेराल्डीन यांना या प्रश्नांत गर्व आणि हट्ट दिसला. पत्रं छापून आलेली आहेत. वाचताना वाईट वाटतं, कारण दोघींचं एकमेकींवर प्रेम आहे हेही ओळीओळीत कळतं. त्याच सुमारास चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील मात्र त्यांना मुद्द्याला मुद्दा अशी लांबलचक उत्तरं लिहीत होत्या. या बाईला विचार करूनच पुढे जावं लागणार, हे त्यांनी ओळखलं होतं.

ज्या प्रश्नांना हट्ट म्हटलं गेलं, ते विचारणाऱ्या बाईने पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळ्या शास्त्राचं मराठी भाषांतर केलं. १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या त्याच कामात होत्या. मूळ काय म्हणतं हे जाणण्याची त्यांची ओढ खरी होती की गर्वाची, हे बाहेरून कुणी कसं ठरवणार होतं?

म्हणून मला वाटतं, हेतूची तपासणी ही फक्त आपली आपण करायची गोष्ट आहे. दुसऱ्याच्या प्रश्नाला तो प्रश्न मानूनच उत्तर द्यावं, शब्दवेडीने सांगितलेल्या लूक १० सारखं.

कोरापाना, तुमच्यासाठी एक. तुम्ही लिहिलंत की ग्रीक वादासाठी शिकलो आणि मग गोडी लागली. म्हणजे हेतू बदलतो. सुरुवात वाईट होती म्हणून ते ग्रीक टाकून देऊ नका.

---

कोरापाना

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण आधी एक काम करायचं होतं.

दक्षिणवारा यांचं भीतीबद्दलचं वाचून मी त्या दिवसाकडे परत गेलो. गटात दहा माणसं होती. त्या बाईंनी आईचं नाव काढलं आणि सगळे गप्प झाले. मला ती शांतता सोसली नाही. दुःखाबद्दल काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं, हस्तलिखितांबद्दल माहीत होतं. मी जिंकायला बोललोच नव्हतो. पळायला बोललो होतो. अठरा वर्षांतल्या बाकीच्या वादांत असं किती वेळा झालं असेल ते आता बघावं लागेल.

परवा त्यांच्याकडे गेलो. जुनाजाणता म्हणतात तशी वाट चुकल्याची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत ते मला कळलं होतं. देव करतो, गोष्टी आपोआप होत नाहीत. पण मग त्याने हे का केलं, हे मला विचारायचं होतं आणि तुम्ही थांबतच नव्हता."

मी म्हणालो, मला माहीत नाही. त्यांनी मान हलवली. मग आईच्या शेवटच्या आठवड्याबद्दल बराच वेळ सांगत होत्या. मी एकही वचन काढलं नाही.

निघताना त्यांनी विचारलं, गटात ईयोबाचं पुस्तक घ्याल का? मी हो म्हटलंय. येत्या गुरुवारी सुरू करायचं आहे. ईयोबावर माझ्याकडे भरपूर टिपणं आहेत आणि ती सगळी मला नकोशी झाली आहेत. कुठून सुरू करू?

---

शब्दवेडी

दुसऱ्या अध्यायाच्या शेवटापासून. ईयोबाचं सगळं गेल्यावर तिघं मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात आणि कुणी एक शब्द बोलत नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसतं. मित्रांनी केलेली सर्वांत चांगली गोष्ट तीच. मग तिसऱ्या अध्यायात ईयोब स्वतः तोंड उघडतो. तिथपर्यंतच घ्या.

---

तर्कसंगत

आणि ४२:७ विसरू नका. देवाची बाजू सावरत इतके अध्याय बोललेल्या त्या मित्रांवर देव रागावतो, आणि माझ्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोब असं म्हणतो. भांडणारा ईयोब! पण हे शेवटच्या गुरुवारी.

---

कोरापाना

ठरलं. २:११ ते ३:२६. त्या बाईच मोठ्याने वाचतील, मी टिपणं घरी ठेवून जाईन.

---

उंबरठा

अवांतर: काल दादाला फोन केला होता. वंशावळ्यांचा विषय निघाला नाही.